सातीबाल्दीच्या फाटकावरचा घोडा

ओरोझाली लोहार बोलत नाही, असं आमच्या कोक-जार गावात सगळे म्हणतात. खोटं आहे. तो बोलतो, पण लोखंडाशी. गज भट्टीतून लालभडक बाहेर आला की याचं तोंड सुरू होतं. "वळ की आता, किती भाव खातोस." "मान खाली घाल. खाली. शहाणा तो." "अरे गाढवा, तुला बोकड करतोय, उंट नव्हे." माणसं समोर आली की मात्र 'हूं' आणि 'उंहू' यांवर भागवतो. मी त्याच्या भट्टीवर जाऊन बसणारा माणूस आहे, म्हणून मला हे ठाऊक. मी तुर्दुमात, या गावचा निवृत्त जनावरांचा डॉक्टर. गुडघे गेलेत, पेन्शन चालू आहे, जीभ शाबूत आहे.

ओरोझालीचा बाप सामूहिक शेतीचा लोहार होता, म्हणून तोही झाला. नांगराचे फाळ, बर्फावरच्या घसरगाड्यांच्या पट्ट्या, कुळवाचे दात आणि मुख्य म्हणजे घोड्यांच्या नाळा. आत-बाशीच्या या खोऱ्यात हिवाळ्यात नदी गोठते. चांगल्या नाळेशिवाय घोडा बर्फावर दोन पावलं टाकत नाही. त्यामुळे तरुणपणी त्याच्या दारात घोड्यांची रांग असायची आणि रांगेबरोबर माणसांची, गप्पांची, कुमीसच्या म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या बुधल्यांची. पुढे सामूहिक शेती मोडली. कुणी मेंढ्या घेतल्या, कुणी ट्रॅक्टरची चाकं पळवली. ओरोझालीने घसरगाडीला दोन बैल जुंपून ऐरण घरी आणली. तोवर त्याच्या दारातली घोड्यांची रांगही संपली होती. ती का संपली ते पुढे सांगतो, घाई करू नका.

मग तो कबरींची कुंपणं करायला लागला. लोखंडी गजांची, वर चंद्रकोर. मरणं काही थांबत नाहीत, म्हणून काम मिळायचं. एकदा एका कुंपणातून कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा गज उरला. त्याने तो फेकला नाही. दोन दिवस त्याच्याशी वाद घालत बसला आणि तिसऱ्या दिवशी ऐरणीवर रानबोकड उभा होता. शिंगं पाठीपर्यंत वळलेली, शिंगावर छिन्नीने मारलेल्या आडव्या खाचा, दाढी, आणि एक पाय असा उचललेला की आता कड्यावर टाकणार. शेजाऱ्याने पाहिला आणि आपल्या फाटकावर बसवून मागितला. दुसऱ्या शेजाऱ्याला अर्थातच झोप लागेना. आज गावात ज्याच्या फाटकावर ओरोझालीचा प्राणी नाही असं घर शोधावं लागेल. इमामसाहेब म्हणाले होते, सजीवांच्या आकृत्या करू नयेत. यावर ओरोझाली म्हणाला, "हूं." त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याने त्याच आठवड्यात गरुड नेला, तेव्हा विषय तिथेच राहिला.

त्याचा एक हट्ट आहे. एक गज, एक प्राणी. जोड लावायचा नाही, वितळवून डकवायचं नाही. बाजारात मिळतात तसली पत्र्याची कान-शेपटी चिकटवलेली जनावरं पाहिली की तो नाक मुरडतो. त्याचं काम असं चालतं. चौकोनी गज तापवायचा, एक टोक ठोकून निमुळतं करायचं आणि दुमडायचं की मान आणि डोकं. दुसरं टोक छिन्नीने उभं चिरून दोन फाळ्या केल्या की मागचे पाय. पोटाखालून तशीच चीर देऊन पुढचे पाय. पाठीवरून एक पातळ साल सोडवली की शेपूट. जे हवं ते सगळं त्या गजातच आहे, बाहेरून काही आणायचं नाही. आणि एकदा चिरलं की परत मिटत नाही. जास्त तापलं तर पोलाद ठिणग्या टाकायला लागतं आणि कुजक्या लाकडासारखं तुटतं. थंडपणी मारलं तर चिरीच्या मुळाशी फाटतं. मग तो शांतपणे ते भंगारात टाकतो आणि नवा गज घेतो.

घण मारते ती त्याची बायको, सायराकान वहिनी. त्रेसष्ट वर्षांची आहे आणि अजून सात किलोचा घण असा उचलते की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. ओरोझाली हातोडीने ऐरणीवर टक् करून जागा दाखवतो, तिथे ती घण घालते. जागा चुकली तर चूक त्याची, असं तिचं ठाम मत आहे. "लग्नात आईने मला गालिचा दिला आणि यांनी घण दिला," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. "गालिचा झिजला."

रानबोकड झाले, मेंढे झाले, हिमबिबट्या, गरुड, एक उंट, एकदा तर शाळामास्तरांच्या हट्टापायी साळिंदर झालं. पण घोडा त्याने कधी केला नाही. ज्या खोऱ्यात पोराला चालायच्या आधी खोगिरावर बसवतात, तिथे घोडा नाही! लोक मागून मागून थकले. कारण विचारलं तर म्हणायचा, "घोडा सगळ्यांना माहीत असतो. बोकडाच्या चुका कोण काढणार?"

खरं कारण वेगळं होतं आणि ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सातीबाल्दीकडे एक तांबडा घोडा होता. सातीबाल्दी म्हणजे आमच्या खोऱ्यातला घोड्यांमधला शेवटचा शब्द. त्याने घोड्याला वाईट म्हटलं की तो घोडा बाजारात उभासुद्धा करायचा नाही. त्याचा तांबडा रहवाल चालीचा होता, आम्ही त्याला जोर्गो म्हणतो. साधा घोडा दुडकतो तेव्हा एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय जोडीने टाकतो, आणि वर बसलेल्याची हाडं खिळखिळी होतात. जोर्गो एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. तो वाहत जातो. अशा घोड्यांच्या शर्यती वेगळ्या लागतात आणि अशा घोड्याचा मालक गावात वेगळा चालतो. त्या वर्षी नोरुझच्या सणाला मोठी शर्यत होती. आदल्या दिवशी सातीबाल्दीने तांबड्याला नाळा ठोकायला ओरोझालीकडे आणलं.

संध्याकाळी ओरोझाली माझ्या दारात आला. टोपी हातात. "डॉक्टर, पुढच्या डाव्या खुरात एक खिळा मऊ गेला," तो म्हणाला. "हाताला कळलं मला. जिवंत भागाजवळून गेला असणार. नाळ काढायला हवी. उद्या शर्यत आहे, माझं तो ऐकायचा नाही. तुझं ऐकेल."

मी गेलो. खूर चिमट्याने दाबून पाहिला. घोड्याने फक्त कान हलवला. आता जे सांगायचं ते सांगूनच टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो, माझ्याकडे राजधानीतून मिळालेली पदवी होती, तिच्यावर गोल शिक्का होता, आणि एक लोहार मला खुरांबद्दल शिकवतोय याचा मला राग आला होता. शिवाय पलीकडच्या तालुक्यातल्या दोस्तांपुढे मी फुशारक्या मारून बसलो होतो की आमचा तांबडा तुम्हाला धूळ चारणार. मी सातीबाल्दीला म्हणालो, "ठणठणीत आहे, पळवा." खिळ्याचं नाव काढलं नाही. ओरोझाली आला होता हेसुद्धा सांगितलं नाही.

तांबडा पहिला आला. तिसऱ्या दिवशी खूर गरम झाला. दहाव्या दिवशी खुराच्या वरून पू आला. त्या वर्षी औषधांचा ठणठणाट होता. मी कापलं, धुतलं, मिठाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवला, आणि चाळिसाव्या दिवशी घोडा कापावा लागला. आमच्याकडे घोड्याचं मांस खातात, पण सातीबाल्दीने त्यातला एक तुकडा तोंडात घातला नाही. तो भट्टीवर आला. तिथे दहा-बारा माणसं होती, मीही होतो. त्याने ती नाळ ओरोझालीच्या पायाशी टाकली आणि म्हणाला, "तुझ्या हातानं माझा घोडा खाल्ला. आजपासून तुझी भट्टी मला विझली."

ओरोझालीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी बुटाचे बंद बांधायला खाली वाकलो. माझ्या बुटांना बंद नव्हते.

सातीबाल्दीने घोडे नेणं बंद केलं तसं सगळ्यांनीच केलं. नालबंद म्हणून ओरोझालीचं नाव गेलं ते गेलंच. लोक खिंडीपलीकडच्या गावी जाऊन नाळा मारून घ्यायला लागले. त्याच्यापुढे कबरी उरल्या आणि मग प्राणी. सातीबाल्दी त्याच्यापासून तीन घरं सोडून राहतो. ओरोझालीची आई गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे तो रडत, हंबरडा फोडत मयताच्या तंबूपर्यंत आला, मातीला हात लावला, आणि ओरोझालीशी हात न मिळवता परत गेला. रस्त्यावरून त्याच्या घोड्याच्या टापा वाजल्या की ओरोझालीचा हातोडा थांबायचा. टापा पुढे गेल्या की पुन्हा सुरू. मी हे सगळं तिथे स्टुलावर बसून, त्याच्या घरचा चहा पीत पाहत होतो. माझी लाज मला ठाऊक होती, आणि ती चहाबरोबर गिळायची सवयही झाली होती.

गेल्या ऑगस्टमध्ये सातीबाल्दीचा धाकटा मुलगा एर्मेक रशियातून सुट्टीवर आला. तो तिकडे इमारती बांधतो. त्याने बापाच्या घराला नवं हिरवं फाटक बसवलं आणि सरळ भट्टीवर येऊन उभा राहिला. घोडा मेला तेव्हा तो पाळण्यात होता, त्याला जुन्या भांडणाचं काय?

"उस्ता, सगळ्या गावाच्या फाटकांवर तुमची जनावरं आहेत, आमच्याच नाही," तो म्हणाला. "आमच्या फाटकावर घोडा हवा. अके सारखे त्या तांबड्याबद्दलच बोलतात. हा फोटो बघा." बापाला आणि थोरांना आम्ही अके म्हणतो, कारागिराला उस्ता.

सायराकान वहिनीने घण खाली ठेवला. मला ठसका लागला. ओरोझालीने हात पुसले, फोटो घेतला आणि बराच वेळ पाहिला. तरुण सातीबाल्दी खोगिरावर छाती काढून बसलाय, घोडा उभा आहे, पाय गुडघ्यापर्यंत गवतात बुडालेले.

"हूं," ओरोझाली म्हणाला. तो 'हूं' होकाराचा होता.

पोरगा गेल्यावर मी म्हणालो, "वेडा आहेस का? तो म्हातारा तुझ्या तोंडावर फेकेल."

"फेकला तर उचलीन," तो म्हणाला. एवढं मोठं वाक्य त्याने माणसाशी बोलल्याचं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

गज त्याने निवडून काढला, एका जुन्या कुळवाचा, पंचवीस मिलिमीटरचा चौकोनी. कोळसा कारा-केचेच्या खाणीचा, चाळून घेतलेला. चार दिवस लागले. पहिला दिवस नुसत्या डोक्यात गेला. फोटो त्याने भिंतीला खिळ्याने ठोकला होता. पाहायचा, दोन ठोके द्यायचा, परत पाहायचा. नाकाडाचा बाक जमला, कानांची टोकं जराशी आत वळली, कपाळावरची चांदणी त्याने टोकदार सुंभ्याच्या एका टोल्याने बसवली. तिसऱ्या दिवशी ऐरणीवरून तांबडाच माझ्याकडे पाहत होता. चौथ्या दिवशी पाय फाकवले, वळवले, बोटाच्या पेराएवढे खूर घडवले. शेवटी गरम असतानाच मेंढीची चरबी चोळली, तेव्हा सगळं अंग काळं तुकतुकीत झालं.

"छान झालाय," मी म्हणालो. "हुबेहूब."

"हूं," ओरोझाली म्हणाला. या खेपेला तो हसलाही.

एर्मेक गाडी घेऊन आला. ओरोझाली घोडा मांडीवर घेऊन पुढे बसला, मी मागे. तीन घरांसाठी गाडी कशाला हवी होती, पण रशियाहून आलेली माणसं चालत नाहीत. सातीबाल्दी फाटकाशी बाकावर ऊन खात बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, अजून ताठ. ओरोझाली खाली उतरल्याचं त्याने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एर्मेकने घोडा उचलून फाटकाच्या पट्टीवर धरला.

"अके, बघा तरी!"

म्हातारा उठला. एका बाजूने पाहिलं, वळसा घालून दुसऱ्या बाजूने पाहिलं. चेहरा हलला त्याचा. मी पाहिलं, हलला.

"डोकं त्याचंच आहे," तो मुलाला म्हणाला. मग काठी उचलून घोड्याच्या पायांकडे दाखवली. "पण हा दुडकतोय."

"म्हणजे?" एर्मेक म्हणाला.

"पाय बघ की, डोळे आहेत ना? उजवा पुढचा पुढे आणि डावा मागचा पुढे. दुडकी. माझा तांबडा जन्मात कधी दुडकला नाही. हा दुसऱ्या कुणाचा तरी घोडा आहे, घेऊन जा." आणि तो आत गेला.

आम्ही दोघं तिथे उभे. मी पायांकडे पाहिलं आणि कानशिलं तापली. म्हातारा बरोबर होता. वर्षानुवर्षं ओरोझालीच्या हातांनी रानबोकड चालवले होते, बोकड असाच पाय टाकतो, तिरपा. हातांनी घोड्यालाही तेच पाय दिले. आणि मी? मी त्या घोड्याच्या शर्यती पाहिलेला माणूस, शिक्क्याचा डॉक्टर, चार दिवस शेजारी बसून चहा पीत होतो आणि मला दिसलं नाही. आम्ही सगळे डोक्यात अडकलो होतो.

परतताना गाडीत ओरोझाली घोड्याला म्हणाला, "बोकडाचे पाय दिलेत मी तुला. माफ कर."

घरी सायराकान वहिनीने आमची यथेच्छ पूजा बांधली. "दोन म्हातारे, चार डोळे, आणि घोड्याचे चार पाय मोजता आले नाहीत! परदेशातल्या कुणाला दिला असतात तर चाललं असतं. दिला कुणाला, तर सातीबाल्दीला!" मग जरा थांबून तिने विचारलं, "पण बोलला ना तो?"

"मुलाशी बोलला," ओरोझाली म्हणाला. "घोड्याबद्दल. माझ्याशी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा भट्टी पेटलेली होती आणि घोडा ऐरणीवर होता. पाय परत तापवून उलटे वळवता येतात, पण त्यात धोका असतो. चिरीच्या मुळाशी पोलादाने आधीच दहा वेळा आग खाल्लेली असते. तिथे बारीकशी भेग गेली की संपलं. जोड लावायचा नाही हा याचा हट्ट, म्हणजे ते डोकं, ते कान, सगळं भंगारात. वहिनी भाता चालवत होती. ओरोझालीने घोड्याचं डोकं ओल्या चिंध्यांत गुंडाळलं, म्हणजे आच तिथे पोचू नये, आणि पाय निखाऱ्यात सरकवले.

तेवढ्यात दारात काठी वाजली. सातीबाल्दी. सलाम नाही, दुआ नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभा.

"मागचा पाय आधी घे," तो म्हणाला. "मागचा नेला की पुढच्याला जावंच लागतं. चाल मागून सुरू होते."

ओरोझालीचा हात सांडशीवर थांबला. मग त्याने विचारलं, "किती पुढे?"

"पोटाच्या मध्याच्या जरा मागे."

पहिला पाय वळला. भेग गेली नाही. पुढचा पाय घेताना म्हातारा ओरडला, "एवढा नको! असा नाही तो!" आणि मग ते झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सातीबाल्दी उंबरा ओलांडून आत आला, काठी भिंतीला लावली आणि भट्टीसमोर रहवाल चालून दाखवायला लागला. डावा हात आणि डावा पाय एकदम, उजवा हात आणि उजवा पाय एकदम, मान ताठ, कंबर डुलतेय. वहिनीने भाता सोडला, कपाळाला हात लावला आणि हसत हसत खाली बसली.

"हसतेस काय, सूनबाई?" तो खेकसला; गावातल्या थोरांना धाकट्यांच्या बायका सुनाच. "पाठ बघ! पाठ हलतेय का? भरलेला वाडगा घेऊन बसायचो त्याच्यावर, थेंब सांडायचा नाही!"

"नाही हलत, अके," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमची जरा हलतेय."

तोही हसला. माझ्या स्टुलावर जाऊन बसला आणि दम खाऊ लागला. ओरोझालीने तीन पाय करून घेतले होते, चौथा निखाऱ्यात होता. पुढचा डावा. म्हातारा त्याच्याकडे पाहत होता, आणि त्याचं हसू हळूहळू गेलं. तेव्हा मला सहन झालं नाही. खरं सांगतो, शूरपणा वगैरे काही नव्हता. ते गप्प बसणं मला सोसवलं नाही.

"अके," मी म्हणालो, "तो खिळा. ओरोझाली त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला होता. म्हणाला होता, नाळ काढायला हवी, तू त्याला सांग. मी तुम्हाला सांगितलं नाही. घोडा याच्या हाताने नाही गेला. माझ्या तोंडाने गेला."

म्हातारा निखाऱ्यांकडेच पाहत राहिला. "माहीत आहे मला," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"घोडा गेला त्याच आठवड्यात ही सूनबाई माझ्या बायकोपाशी येऊन रडली होती. सगळं सांगून गेली."

मी वहिनीकडे पाहिलं. तिने भात्याला जोर दिला.

"मग मला कधी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुला बोलून कसं चालणार होतं?" सातीबाल्दी म्हणाला, अगदी साध्या आवाजात, जणू मीठ कुठे ठेवलंय ते सांगतोय. "त्या वसंतात माझ्या मेंढ्यांना खरूज होती. होतं तेवढं औषध तुझ्याकडे, सही तुझी, शिक्का तुझा. लोहार मला खिंडीपलीकडे मिळत होता. डॉक्टर कुठून आणला असता? माझा घोडा मेला होता, मला कुणावर तरी रागवायचं होतं. याच्यावर रागावणं परवडत होतं." मग तो ओरोझालीकडे वळला. "हे चांगलं केलं नाही मी. तुझं काम गेलं. मला दिसत होतं, तीन घरांवर राहतो मी. आणि मग इतकी वर्षं झाली की मागे कसं फिरायचं ते कळेना."

"हूं," ओरोझाली म्हणाला.

तेवढंच? माझा भडका उडाला. अजूनही मला दुसऱ्यावर ओरडायला सोपं जातं, तो स्वभाव आहे. "हूं काय हूं!" मी म्हणालो. "सव्वीस वर्षं तू या माणसाच्या एका शब्दाची वाट बघितलीस. हातोडा थांबवून टापा ऐकायचास, मी बघितलंय! आणि हा सांगतो, परवडत होतं!"

ओरोझालीने निखाऱ्यातून घोडा बाहेर काढला. शेवटचा पाय लालभडक झाला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझे बूट त्या दिवशीही बंदांचे नव्हते, पण खाली वाकायला जागाच राहिली नव्हती.

"याची नव्हतो बघत, डॉक्टर," तो म्हणाला. "तुझी बघत होतो."

मग त्याने सांडशी माझ्या हातात दिली. "घट्ट धर. निवायच्या आत वळवायचाय." वहिनी उठली, पाय रोवून उभी राहिली आणि तिने घण उचलला.